साडेतीन तासांची पाथर्डी

एकोणीस माणसांनी मिळून केलेल्या प्रवासाला सहल म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. ती मोहीमच असते, आणि मोहीम म्हटली म्हणजे तिला फडणीस, कोठावळा, खजिनदार आणि मसलतीच्या वेळी मिशांना पीळ भरून प्रत्यक्ष कामाच्या वेळी झोपी जाणारे सरदार हे सर्व आलेच. आमच्या कुटुंबात ही पदे वंशपरंपरागत असल्यामुळे नेमणुकीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, परंतु निवृत्तीची वार्ता अद्याप स्वतःच्या मनापर्यंत पोहोचू न दिलेले अण्णाकाका हे आमचे फडणीस होत. ते प्रत्येक प्रवासाचा रोजनामा ठेवतात. त्यात वेळ, ठिकाण, इसमाचे नाव, खर्चाची बाब आणि शेरा असे पाच रकाने आखलेले असतात, आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुधा माझ्याविषयी काही प्रतिकूल मजकूर असतो. मोठ्या काकू या कोठावळ्या. घरून निघताना त्यांच्या ताब्यात ३१ नग होते. हा आकडा माझा नव्हे, रोजनाम्यातला आहे.

प्रसंग परभणीच्या लग्नाचा. कल्याणहून परभणीला आगगाडीने रात्रीतून जाता येते हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु एकोणीस बर्थ एकाच डब्यात मिळणे, आणि मिळालेच तर त्यांतला खालचा कोणी घ्यावयाचा याचा निवाडा परभणी येण्यापूर्वी होणे, या दोन्ही गोष्टी मानवी प्रयत्नांच्या पलीकडच्या आहेत, असे अण्णाकाकांचे मत पडले. शिवाय त्यांच्यापाशी एक बिनतोड मुद्दा होता. आज ज्या महामार्गाला ६१ हा निर्जीव क्रमांक मिळाला आहे तो जुन्या लोकांच्या तोंडी अद्याप ‘कल्याण–निर्मल’ रस्ता आहे. तो आमच्या गावावरून निघून माळशेज, आळेफाटा, नगर, पाथर्डी, माजलगाव असा परभणी-नांदेडवरून थेट तेलंगणातल्या निर्मलपर्यंत जातो. “ज्या रस्त्याच्या एका अंगाला कल्याण आणि दुसऱ्या अंगाला निर्मल,” अण्णाकाका म्हणाले, “त्या रस्त्यावर अमंगल घडेलच कसे?” भाषेवर एवढा विश्वास ठेवणारा मनुष्य सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे कसा टिकला, हे एक कोडेच आहे.

तेव्हा वैशाखातल्या एका शनिवारी पहाटे चौदा जणांची एक भाड्याची गाडी आणि तिच्यापुढे वाटाड्यासारखी जावईबापूंची मारुती, तीत पाच जण, असा लवाजमा निघाला. माळशेजच्या घाटात तिघांनी पोट हलके केले, आळेफाट्याला मिसळ तिखट की मिळमिळीत यावर दोन तट पडले, नगर केव्हा आले आणि गेले हे झोपलेल्यांना कळले नाही. करंजीच्या घाटात मोठी गाडी धापा टाकू लागली. तिसगाव मागे पडले, आणि नगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पाथर्डी गावात शिरता शिरता, तिच्या पोटातून चाबूक ओढल्यासारखा आवाज आला. चालकाने गाडी बाजूला घेतली, उतरून झाकण उघडले, आणि आत पाहून, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या सुरात म्हणाला, “पट्टा गेला.”

बोलावलेल्या फिटरने चिंध्या झालेला पट्टा बोटावर धरून उन्हात फिरवून पाहिला. “ह्यो इथं नाय मिळायचा. नगरला फोन करतो, यष्टीनं टाकत्याल. तीन तास धरा.”

येथे मला एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. एकट्यादुकट्या प्रवाशाला परके गाव परके वाटते, आणि तो निमूटपणे चहा पिऊन, घड्याळ पाहून, वर्तमानपत्र चाळून तेथून निघून जातो. परंतु मोठ्या मराठी कुटुंबाला परके गाव हा प्रकारच सहन होत नाही. ते उतरल्याबरोबर त्या गावात आपले माणूस शोधू लागते, आणि कोणाशी काही नाते, निदान नात्याची शक्यता, सिद्ध झाल्याखेरीज त्याला चहा गोड लागत नाही. या शोधाची एक रीतसर कार्यपद्धती आहे. प्रथम गाव, मग आडनाव, मग मूळ गाव, मग ‘आमचे एक अमुक तुमच्याकडे होते’, आणि शेवटी ज्याचा दोन्ही पक्षांना अर्धवट परिचय आहे असा एखादा मृत मनुष्य. त्या मृताच्या साक्षीने ओळख पक्की होते.

नाईक चौकाच्या अलीकडे कडुलिंबाच्या सावलीत चहाची टपरी होती. अण्णाकाका बाकावर बसून रोजनामा उघडतात न उघडतात, तोच टपरीवाल्याने पहिली चाल स्वतःच केली.

“पाव्हणं, कोणतं गाव?”

“कल्याण.”

“आसं?” त्याने गाळणे आपटले. “मंग ह्या रस्त्याला तुमच्या गावाचं नाव हाय म्हणायचं. इतकी वर्सं आमी खड्ड्यांचा जाब कुणाला विचारावा तेच कळंना. बरं झालं आलात.”

आजूबाजूचे चारपाच लोक हसले. हा रस्ता नीट होण्याची वाट या भागाने किती वर्षे पाहिली आहे हे त्या हसण्यावरून समजले. एका अख्ख्या महामार्गाचे प्रतिवादी होण्याची वेळ अण्णाकाकांवर पूर्वी कधी आली नव्हती; त्यांनी घाईने विषय बदलून, नगरच्या कचेरीत १९७८ साली आपल्या ओळखीचे एक शिरस्तेदार होते, ते मूळचे याच बाजूचे, असे सांगितले. टपरीवाला म्हणाला, “तवा मी जल्मलोबी नव्हतो.” कार्यपद्धतीचा पाचवा टप्पा असा पहिल्याच फटक्यात कोसळला. अण्णाकाका खचले नाहीत. त्यांनी फिटरला गाठले, आणि चाळीस मिनिटांच्या उलटतपासणीनंतर, फिटरच्या सासुरवाडीच्या शेजारचे एक तलाठी आणि आपले शहापूरचे एक साडू हे एकाच सालच्या परीक्षेला बसले होते असे निष्पन्न केले. ते दोघे परस्परांना भेटले होते की नाही हे गौण होते. नाते सातबाऱ्याच्या उताऱ्याइतके पक्के झाले, आणि फिटरला ‘जावईबापू’ म्हणून दोनदा हाक मारण्यात आली. आमचे खरे जावईबापू दोन्ही वेळा ‘ओ’ देऊन फसले.

खरी अडचण निराळीच होती. तो दिवस शनिवार. शनिवारी मारुतीचे दर्शन घेतल्याखेरीज अन्न तोंडात घालावयाचे नाही हा अण्णाकाकांचा चाळीस वर्षांचा नेम. चहाला अन्न समजावयाचे नाही ही त्यांतली सवलत. त्यांनी टपरीवाल्याला मारुतीचे देऊळ विचारले. तो क्षणभर थांबला.

“गावात हाय की. पर तुमची गाडी नांदूरला बंद पडली नाय, हे बेस झालं.”

आणि मग त्याने जे सांगितले ते ऐकण्यासाठी आमच्या चौदा जणांनी बाके ओढली. याच पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य नावाचे गाव आहे. महाराष्ट्रात वेशीवर मारुती नाही असे गाव सापडणे म्हणजे वडाला पारंबी नसण्यासारखेच. पण या गावात मारुती नाही. तेथे देऊळ आहे ते निंबादैत्याचे. गावाचे दैवत दैत्य. कथा अशी की, रामायणकाळी येथे मारुतीचे आणि या दैत्याचे घनघोर युद्ध जुंपले; दोघेही घायाळ झाले आणि दोघांनीही एकाच वेळी रामाचा धावा केला. आता मारुतीने राम म्हणावे यात नवल नाही, परंतु दैत्यानेही रामच म्हटल्यावर रामापुढे पेच पडला, आणि त्याने निवाडा दिला तो असा की, हा दैत्यही माझाच भक्त आहे, हे गाव याचे, मारुतीने येथून जावे. तेव्हापासून तेथे मारुतीची पूजा होत नाही आणि मुलाचे नाव मारुती ठेवीत नाहीत.

“म्हणजे हद्दपारीचा हुकूम,” अण्णाकाका खोल आवाजात म्हणाले. आपल्या आराध्यदैवतावर असा काही हुकूम बजावला गेला असून त्यावर अपीलही झालेले नाही, ही गोष्ट त्यांच्या कारकुनी अंतःकरणाला लागली असावी.

“आन् गाडी,” टपरीवाला पुढे म्हणाला, “मारुती गाडीबी कुणी घेत नाय त्या गावात.”

१९८३ साली मारुती नावाची मोटार या देशाच्या रस्त्यांवर अवतरली तेव्हा ती सर्वसामान्यांची गाडी होईल असे भाकीत पुष्कळांनी केले होते. परंतु त्रेतायुगातला एक निवाडा तिच्या आड येईल हे कोणाच्याही ध्यानात आले नसेल. टपरीवाल्याचे वाक्य पुरे झाले आणि एकोणीस जणांच्या दृष्टी सावकाश वळून लिंबाखाली निरागसपणे उभ्या असलेल्या जावईबापूंच्या गाडीवर स्थिरावल्या. वास्तविक ती बिचारी करंजीचा घाट एका दमात चढून, न कुरकुरता, इथवर आली होती. पट्टा तुटला होता तो दुसऱ्याच गाडीचा. परंतु मोठ्या कुटुंबात पुराव्याचा कायदा चालत नाही. “ती पुढे होती ना?” आत्या म्हणाली. “म्हणूनच मागचीला बाधलं.” हे नांदूर नव्हे, पाथर्डी आहे, आणि आपण बोलत असतानाच समोरून तीन मारुती गेल्या, असे जावईबापूंनी निदर्शनास आणले; त्यावर आत्याने, “त्या इथल्याच आहेत, त्यांना माफ असेल,” असा निर्वाळा दिला. थोड्या वेळाने पाहतो तो गाडीच्या पाठीवरचे नाव अण्णाकाकांच्या ओल्या पंचाने झाकलेले होते. पंचा वाळत घातला आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर अण्णाकाका गावातल्या मारुतीला गेले, आणि एरवी एक प्रदक्षिणा घालणारे ते गृहस्थ त्या दिवशी पाच घालून आले.

आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हती. जवळच मढीला कानिफनाथांची समाधी आहे, हे तिला ठाऊक होते. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असता त्यांच्या सुटकेसाठी येसूबाईंनी याच नाथांना नवस बोलला होता, आणि १७०७ साली शाहू सुटून आल्यावर मढीच्या गडाचे बांधकाम झाले, अशी आख्यायिका आहे. ज्या दैवताने एका छत्रपतीला मोगलांच्या छावणीतून सोडवून आणले, त्याच्याकडे आत्याने रस्त्यावरच डोळे मिटून, पदर डोक्यावरून घेऊन, नगरहून येणाऱ्या यष्टीतल्या एका रबरी पट्ट्यासाठी सव्वा किलो रेवड्यांचा नवस बोलून टाकला. मढीची रेवडी प्रसिद्ध आहे. तेथील यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते आणि तीत गाढवांचा मोठा बाजार भरतो, ही माहितीही टपरीवर मिळाली. गाढवाचे वय त्याच्या दातांवरून पाहतात, दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे ते चौवान, आणि भाव त्याप्रमाणे ठरतो. ज्या लग्नाला आम्ही निघालो होतो त्यातील देण्याघेण्याची बोलणी आमच्या काही मंडळींनी केली होती. ती मंडळी हे ऐकत असताना विनाकारण इकडेतिकडे पाहू लागली.

मुलांना कंटाळा आला होता. त्यांना बापूकाका गाव दाखवण्यास घेऊन गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले, कारण या गावात जैन धार्मिक परीक्षांचे एक जुने बोर्ड आहे हे त्यांनी मुलांना कौतुकाने सांगितले, आणि सुट्टीत जेथे परीक्षा निघतात अशा गावात एक पाऊलही पुढे टाकण्यास मुलांनी नकार दिला. श्रमण संघाचे आचार्य आनंदऋषीजी याच तालुक्यातील चिचोंडीचे, हे सांगण्याचे त्यांच्या मनात होते. ते त्यांनी मला सांगितले.

जेवण एका खानावळीत झाले. शेवभाजी काळ्या मसाल्याची होती आणि तिच्यावर बोटभर तर्री होती. बाजरीची भाकरी पानात पडताना तिच्यावरची राख फुंकरीने उडत होती. याविषयी अधिक लिहीत नाही. कल्याणला परतल्यावर पाथर्डीच्या नावाने जे काही आठवले त्यात ती शेवभाजी पहिली होती एवढे नोंदवतो.

परत आलो तेव्हा टपरीवाल्याला थोडी उसंत होती. त्याने आमचे सामान पाहिले. गाडी रिकामी करावी लागल्यामुळे काकूंचे ३१ नग लिंबाखाली रचून ठेवले होते.

“एकूण किती माणसं?”

“एकोणीस,” अण्णाकाका म्हणाले. त्यांच्या स्वरात जो अभिमान होता तो मला परिचित आहे. एवढे बिऱ्हाड हलवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, असा त्याचा अर्थ असतो.

टपरीवाल्याने आमच्यावरून एकदा नजर फिरवली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, “म्हंजी सात कोयते, एक अर्धा, अन् चार पोरं.”

आम्हाला कळेना. मग त्याने समजावले. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा असला तर अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दसरा-दिवाळी झाली की या तालुक्यातून आणि शेजारच्या बीडकडून गावेच्या गावे निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, कोणी खाली कर्नाटकात. भांडी, पीठ, चूल पेटवायचे सरपण, कोंबड्या, शेळी, लेकरे, म्हातारी माणसे. तोही बारा वर्षे जात होता. टपरी दोन वर्षांपूर्वी टाकली. “आमचा समदा संसार तुमच्या ह्या ढिगाच्या निम्म्यात बसायचा,” तो म्हणाला, “अन् त्याच्यावर आमी बसायचो. सहा महिनं.” यात त्याने तक्रारीचा सूर मुळीच लावला नव्हता. तो हिशेब सांगत होता. काकूंनी ढिगावरची लोणच्याची बरणी उगाचच उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. अण्णाकाकांनी रोजनाम्यात काही लिहावयास पेन काढले, आणि ते न लिहिताच खिशात ठेवले.

अर्धा कोयता म्हणजे अर्थात बापूकाका. वय ५२, अविवाहित. त्यांना यजमानांत गणावे की मुलांत, याविषयी आमच्या घराण्यात तीस वर्षे खल चालला आहे. तो प्रश्न पाथर्डीच्या एका टपरीवर चार शब्दांत निकालात निघाला. “अर्धा तर अर्धा,” बापूकाका प्रसन्न होऊन म्हणाले, “आजवर शून्यच धरीत होते.” त्यांनी त्या आनंदात सर्वांना पुन्हा चहा सांगितला, आणि टपरीवाल्याने पैसे अठराच कपांचे घेतले. एकोणिसावा अर्ध्या कोयत्याला बक्षीस.

यष्टी आली, वाहकाने खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा खाली दिला, आणि फिटरने तो वीस मिनिटांत चढवला. मजुरी त्याने इतकी वाजवी सांगितली की तलाठ्याच्या नात्याचा काही परिणाम झाला असावा असे अण्णाकाकांना वाटते. निघण्यापूर्वी दस्तुरीप्रमाणे हजेरी झाली. ती वीस भरली.

पुन्हा मोजली. वीस.

कुटुंबातला एखादा इसम मागे राहण्याचा प्रसंग आमच्यावर पूर्वी दोनदा आलेला असल्यामुळे त्याचा बंदोबस्त कसा करावा हे आम्हाला ठाऊक आहे. एक इसम वाढल्यास काय करावे याचा कोणताही दाखला दप्तरात नव्हता. शोधाअंती मोठ्या गाडीत, काकू आणि आत्या यांच्या मधोमध, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई आढळल्या. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण, हातात काठी. काकूंशी त्यांची नळावर गाठ पडली होती.

“खरवंडीला जायचंय त्यांना. यष्टी गेली,” काकू म्हणाल्या. “आपल्याच आहेत.”

“आपल्याच म्हणजे?” अण्णाकाका म्हणाले. “कोणाकडून?”

“आपल्याच हो. चला आता.”

कोठावळ्यांच्या हुकमापुढे फडणिशीचे काही चालत नाही. खरवंडी येईपर्यंतच्या वाटेत त्या बाई, काकू आणि आत्या यांच्यात जे बोलणे चालले होते ते सुनांविषयी, गुडघ्यांविषयी आणि कोणाचा मुलगा कारखान्यावरून यंदा किती उशिरा परतला याविषयी होते. गाव, आडनाव, मूळ गाव या कार्यपद्धतीचा त्यात कोठेही उल्लेख आला नाही. मुले त्यांच्या काठीशी खेळत होती. भगवानगडाकडे जाणारा रस्ता फुटतो तेथे, खरवंडीत, त्या उतरल्या. उतरताना त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून मुलांच्या हातावर थोड्या थोड्या रेवड्या घातल्या. “मढीच्या हायेत,” त्या म्हणाल्या. आत्या एकदम गप्प झाली. आपण बोललेला नवस फेडण्यापूर्वीच दैवताकडून रेवड्या आपल्याला याव्यात, हा प्रकार तिच्या शास्त्रात बसत नव्हता, आणि परभणी येईपर्यंत तो तिने कोणालाही बसवू दिला नाही.

अण्णाकाकांनी मात्र त्या दिवसाची नोंद पुरी केली. वेळ दुपारी ३-४०. ठिकाण पाथर्डी ते खरवंडी. खर्च निरंक. शेऱ्यात ‘वयोवृद्ध स्त्री इसम एक, विनातिकीट, कोठावळ्यांच्या जबाबदारीवर.’ नावाचा रकाना कोरा राहिला आहे, आणि गेली दोन वर्षे ते तो अधूनमधून उघडून पाहतात. पाथर्डीकडच्या वाचकांपैकी कोणाला खरवंडीच्या बाजूला हिरव्या लुगड्यातल्या, काठी धरून चालणाऱ्या अशा कोणी बाई भेटल्या, तर त्यांचे नाव तेवढे विचारून ठेवावे. आत्याच्या सव्वा किलो रेवड्या मढीला पोहोचवायच्या आहेतच. त्या वेळी येऊन घेऊन जाऊ.